ओंकारला, मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाआधी

सातारा



मानसशास्त्र का निवडलंस, असं मी विचारलं तेव्हा तू लिहिलंस, "मला माणसं कळतात, आत्या. मित्र माझ्याकडेच मन मोकळं करायला येतात." पुण्यात पहिल्या दिवशी ओळख करून देताना अर्धा वर्ग हेच सांगेल बघ. (वर्गात मुलगे मोजकेच असतील. त्याची सवय होते.) ऐकून घेण्याचा गुण चांगलाच, पण तो तू कॉमर्सला गेला असतास तरी कामी आला असता. या पदवीचं काम वेगळं आहे. माणसांबद्दल आपण जे छातीठोकपणे बोलतो ते खरं आहे का, हे पडताळायचं कसं, एवढंच ती शिकवते. आणि हे 'एवढंच' तीन-चार वर्षांत पुरं होत नाही.

म्हणून संख्याशास्त्राचा पेपर आला की नाक मुरडू नकोस. "गणित नको म्हणून तर आर्ट्‌सला आलो," असं म्हणणारी मुलं प्रत्येक बॅचला असतात. मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध ही प्रकरणं पाठ करून पास होता येतं, पण मग पुढची सगळी पुस्तकं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून वाचावी लागतात. आणि या विषयात नुसत्या विश्वासावर चालत नाही. 2015 साली शेकडो संशोधकांनी मिळून, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या जवळजवळ सगळ्यांचे निष्कर्ष ठाम होते. नव्याने केल्यावर जेमतेम छत्तीस टक्क्यांत तसा निकाल आला. स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा 1971 चा प्रयोग तुला कोणीतरी मोठ्या चवीने सांगेल. पहारेकरी झालेल्या मुलांना कठोर वागण्याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या, हे नंतर कागदपत्रांतून पुढे आलं, तेही त्याला सांग. काहींना वाटतं, अशाने विषयाची अब्रू गेली. मला उलटं वाटतं. आपलीच खातेवही आपणच उघडून तपासणारा विषय मला भरवशाचा वाटतो.

आता प्रॅक्टिकलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरं शिक्षण तिथे होतं आणि खरी लबाडीही तिथेच. शब्द 'लाल' असा छापलेला, पण शाई हिरवी; प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. 1935 सालचा स्ट्रूपचा हा प्रयोग तू करशीलच. आरशात बघून चांदणी गिरवायची, निरर्थक अक्षरं पाठ करायची, दोन सारख्या रेषांतली एक लांब दिसते ती किती लांब दिसते ते मोजायचं. पुस्तकात वाचताना हे सगळं पोरखेळ वाटतं. मग जर्नल सबमिट करायची तारीख येते, होस्टेलवर एका सीनिअरचं जर्नल फिरतं आणि पाच-दहा सेकंद इकडेतिकडे करून वीस जणांचे तक्ते तयार होतात. तपासणाऱ्याला ते कळत नाही असं समजू नकोस. बनवलेला आकडा फार शहाणा असतो. त्यातला प्रयुक्त कधी हसत नाही, मध्येच घड्याळ बघत नाही, सूचना चुकीची ऐकून भलतंच करत नाही.

खरा प्रयुक्त हे सगळं करतो. तू खोलीवरच्या मित्राला बसवशील. त्याला वाटेल त्याची बुद्धी मोजली जातेय, म्हणून तो अवघडेल. पहिल्या फेरीत अडखळेल, तिसऱ्या फेरीत सराईत होईल, पाचव्या फेरीत कंटाळेल. तुझा आकडा अपेक्षेच्या उलट आला तर तो तसाच लिही आणि खाली चर्चेत कारणं शोध: खोलीत पंखा आवाज करत होता का, तू सूचना घाईत दिलीस का. मी अशा जर्नलला नेहमी जास्त मार्क दिले. सगळेच देतात असं नाही, हेही सांगून ठेवते.

मापाचाच आणखी एक किस्सा. 1905 साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून. ती अमेरिकेत गेली, आणि तिथल्या आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांसाठी आपली चाचणी घडवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 चं. परक्या मुलांच्या प्रश्नांवर आपली मुलं जोखू नयेत म्हणून माणसाने केवढे कष्ट घेतले! पण तीच बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशकं शाळांत आणि दवाखान्यांत चालत राहिली, आणि गुणांचे निकष मात्र त्या काळातल्या मुलांचेच. न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की पिढी बदलते तसे अशा चाचण्यांतले गुण चढत जातात. म्हणजे जुन्या निकषांवर आजचं मूल तपासलं की बुद्ध्यांक फुगून येतो. सत्तरच्या आत हवा तो सत्तरच्या वर गेला की ज्या मुलाला मदत मिळायची त्याचा कागद अडतो. पालकांच्या हातात फक्त आकडा येतो. तो कुठल्या सालच्या मुलांशी तुलना करून आला, हे विचारणारा माणूस टेबलाच्या अलीकडे लागतो. तो तू व्हावास.

पुस्तकं इंग्रजीतच असतील. सिकारेली-मायर किंवा बॅरन वाचताना पहिले काही आठवडे डोकं दुखेल. प्रत्येक प्रकरण संपलं की आईला फोनवर मराठीत समजावून सांग. वहिनी मध्येच "म्हणजे काय?" विचारतात, ते फार उपयोगाचं आहे.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगणार. दुसऱ्या वर्षी विकृतिमानसशास्त्र लागलं की मुलांना वर्गात, घरात, आरशात सगळीकडे आजार दिसू लागतात. रूममेटला 'बायपोलर' आणि प्राध्यापकांना 'नार्सिसिस्ट' ठरवून मोकळं व्हायचं. तू ते करू नकोस. मित्र रडत आला तर मित्र म्हणून बस, चहा पाज. जिवाचं काही बरंवाईट करायचं बोलला तर गुपित राखायचं नाही. त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवायचं, मग तो तुझ्यावर रागावला तरी चालेल. येरवड्याच्या मनोरुग्णालयाची भेट कॉलेज ठरवेलच. तिथे मोबाइल खिशात ठेव. ते लोक कोणाचे तरी काका-मावशी आहेत, तुझ्या स्टेटससाठी नाहीत. त्यापेक्षा सुट्टीत मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारून बघ, एखादं साधं काम मिळालं तर कर. व्यसन सुटलेला माणूस स्वतःबद्दल कसं बोलतो, हे ऐकण्यासारखं असतं.

आता दादाचा प्रश्न: पुढे काय? बी.ए. करून कोणी समुपदेशक होत नाही, मग पाटी कितीही मोठी लावो. औषधं लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, तो रस्ता एमबीबीएसवरून जातो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. इतकी वर्षं तो एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा एम.फिल. होता, आता पदव्यांची रचनाच बदलतेय, तेव्हा प्रवेश घ्यायच्या वर्षी परिषदेची यादी स्वतः बघ, एजंटचं ऐकू नकोस. जागा थोड्या असतात. घरबसल्या ऑनलाइन एम.ए. करू असा बेत असेल तर तोही सोड. 2025 पासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत. शाळा, कारखान्यांतला मनुष्यबळ विभाग, संशोधन ही दारं आहेतच, पण तीही बहुतेक एम.ए.नंतरच नीट उघडतात.

हे सगळं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून सहा-सात वर्षं." होच म्हटलं. पैशाचं आम्ही दोघं बघतो. पहिल्या वर्षी तू फक्त हजेरी सांभाळ, आणि संख्याशास्त्राच्या शिकवणीला पैसे घालायच्या आधी मला फोन कर.

तुझी,
आत्या