अवर्षणात तग धरणारी पिके

पुण्याच्या सदाशिव पेठेसारख्या दाट वस्तीतही कुंडीत लावलेली कोरफड आठ-पंधरा दिवस पाण्यावाचून हिरवी राहते. तिच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो, पानांवर मेणासारखे आवरण असते आणि पानांची सूक्ष्म रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा ती मिटलेली असल्याने उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. या काटकसरीमुळे तिची वाढ मात्र मंद होते. म्हणून हा मार्ग धान्यपिकांना परवडण्यासारखा नाही.

कोरडवाहू पिकांचे मार्ग दोन आहेत. पहिला, लवकर उरकण्याचा. मटकी, बाजरी यांसारखी पिके थोड्या दिवसांत फुलतात आणि ओल संपण्यापूर्वी दाणे भरतात. दुसरा, टिकून राहण्याचा. रब्बी ज्वारीची मुळे खोल जाऊन खालच्या थरांतील ओल घेतात. ताण पडताच पाने गुंडाळली जातात, त्यांवरील मेणचट थर पाणी राखतो, वाढ काही काळ थांबते आणि ओल मिळाल्यास पुन्हा सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेली 'मालदांडी ३५-१' ही जात याच गुणांमुळे मान्यता पावली.

परंतु खोल मुळांचा उपयोग खोल जमिनीतच होतो. वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल, तर मुळांना पुढे वाट नाही व ओलही नाही. म्हणून वाण निवडण्यापूर्वी शेतात खड्डा घेऊन मातीची खोली पाहावी. मध्यम जमिनीत मालदांडी घ्यावी. हलक्या जमिनीसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले अनुराधा' ही लवकर येणारी जात निवडावी.

वनस्पती पाणी राखते, निर्माण करीत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्याच प्रदेशातील लाखो लोकांना दुष्काळी कामांवर जावे लागले. यास्तव पावसाचे पाणी जमिनीत मुरविणे हे शेतकऱ्याचे काम होय. उतारास आडवी मशागत करावी, बांध दुरुस्त ठेवावेत. पेरणीनंतर सुमारे तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात व त्यांतून जाणारी ओल वाचते. पिकाच्या अंगच्या काटकपणास शेतकऱ्याच्या मेहनतीची अशी जोड मिळाली, तरच कणसात दाणा भरतो.