घरच्या घरी जुन्या घाटाची कार्ट: एकूण खर्च किती, आणि स्टिअरिंगवर किती?

आधी आकडा. १९२०-३०च्या रेसगाडीच्या घाटाची, एका माणसापुरती, स्पोकच्या चाकांची कार्ट पुणे-कोल्हापूरकडे जुने सुटे भाग धरून साधारण ४५ ते ६५ हजारांत उभी राहते. कोणी २५ हजारांत करून देतो म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारी दांडी) कशाचे घालणार? ‘ते बघू, बसवून टाकू’ असं उत्तर आलं तर तिथून उठा.

पैसे मोजण्याआधी चालवायला जागा आहे का ते बघा. घरगुती कार्ट रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे नमुना गाडीची एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी लागते. ते कारखानदाराचं काम, तुमचं-आमचं नव्हे. ‘आरटीओत पासिंग करून देतो’ म्हणणारा एजंट बहुतेक एखाद्या भंगार गाडीचा नंबर तुमच्या गळ्यात मारणार. त्याला एक रुपयाही देऊ नका. विनानोंदणी गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाच्या हातात दिलीत तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ लागतं: पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरही लोकांची ये-जा असते, त्यामुळे तिथेही सुटका धरू नका. हवं ते स्वतःचं शेत, कुंपणाचं आवार किंवा मालकाची लेखी परवानगी असलेलं मैदान. भाड्याच्या कार्ट फिरवणारे ट्रॅक घरगुती गाडी आत घेतीलच असं नाही, आधी फोन करा.

आता सांगाडा. ५० बाय २५ मिमीची, २ मिमी जाडीची चौकोनी एमएस पाइप घ्या. ६ मीटरची एक नळी १३ किलोच्या आसपास भरते. अशा दोन पुरतात. किलोला ७५ ते ९५ रुपये धरले तर दोन-अडीच हजारांत काम होतं. दुकानदार भाव सांगतो तो बहुधा जीएसटी सोडून, आणि पोलादावर तो १८ टक्के आहे. वजन तुमच्या समोर करून घ्या, जाडी कॅलिपरने मोजा. २ मिमीच्या नावाखाली १.६ मिमी सर्रास खपवतात.

चाकं टीव्हीएस एक्सएलची. टायर २.५०-१६ मापाचा आणि बारीक, दिसायला नेमका जुना घाट देतो. जुनं चाक हबसकट ७०० ते १,००० रुपये, नवा टायर-ट्यूब साधारण १,३००. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा, नाहीतर नाना पेठ बघा. कोल्हापूरकरांनी थेट उद्यमनगर गाठावं. एक अडचण आधीच ओळखा: मोपेडचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं, कार्टवर ते एकाच बाजूने टांगलं जातं. मूळचा बारीक ॲक्सल इथे वाकतो. हब मोठा करून किमान १५ मिमीचा स्टब आणि ६२०२ बेअरिंग बसेल असं काम टर्नरकडून करून घ्या. चार चाकांचे २,५०० ते ४,००० जातील. आऊट काढून घ्यायचे आणि स्पोक ताणून घ्यायचे पैसे वेगळे.

इंजिनासाठी फवारणी पंप किंवा टिलरला लावतात ते साडेसहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन बरं. नवं ९ ते १४ हजार, सेंट्रिफ्युगल क्लच अडीच-तीन हजार. घेताना शाफ्ट बघा. पंपासाठीच्या इंजिनाला बऱ्याचदा आट्यांचा शाफ्ट येतो, त्यावर क्लच बसत नाही. तुम्हाला खाचेचा सरळ शाफ्ट हवा. तोही पाऊण इंची आहे की २० मिमी, ते पाहूनच क्लच घ्या. गव्हर्नर काढून वेग वाढवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला नाही म्हणा. जुनं स्कूटरचं इंजिन स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर घासलेला असेल तर फुकटही घेऊ नका. नंबर लिहिलेली पावती, आरसीची प्रत आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, या तीन गोष्टी फाइलला हव्यात. मागच्या ॲक्सलला मोटारसायकलचा जुना डिस्क ब्रेक, सेट अडीच हजारांपर्यंत. एकच मागचं चाक ओढणारी रचना केलीत तर ब्रेक मात्र दोन्ही चाकांना लागतोय ना, ते पाहा.

स्टिअरिंगसाठी ८ ते १० हजार बाजूला काढा. इथे वाचवलेला पैसा परत दुपटीने जातो. रंग, पितळी बोनेट, चामड्याचे पट्टे नंतर.

दोन रस्ते आहेत. पहिला, मारुती ८००चा जुना रॅक, हजार ते दोन हजार रुपये. स्वस्त वाटतो, पण तो कारच्या रुंदीचा. कापून जोडावा लागतो, आणि चाक वळवायला स्टिअरिंगचे फेऱ्यावर फेरे. माझं मत: नका घेऊ. दुसरा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक आर्म, तिथून दोन्ही चाकांच्या आर्मपर्यंत दोन टाय रॉड. साधं आणि हलकं. पण आर्मची मापं चुकली की गाडी अंगावर येते. दांड्याचा आर्म आणि चाकाचा आर्म सारख्याच लांबीचे केले तर स्टिअरिंग जेवढं फिरेल तेवढंच चाक, म्हणजे जरा हात हलला की गाडी भलतीकडे. दांड्याचा आर्म ६० मिमी आणि चाकाचा १०० मिमी ठेवा. चाक ३० अंश वळायला स्टिअरिंग साधारण ५५ अंश फिरवावं लागेल, हे हाताला बरं बसतं.

दिशा तपासा. दांड्याचा आर्म खाली असेल तर चाकांचे आर्म मागच्या बाजूला हवेत. वर असेल तर पुढच्या. एक बदलून दुसरा विसरलात तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाईल. कागदावर काढून वेल्डरला दाखवा.

चाकांचे आर्म मागे ठेवलेत तर ते सरळ नको, आत झुकलेले हवेत. किंगपिनपासून आर्मच्या टोकातून काढलेली रेघ मागच्या ॲक्सलच्या मध्यावर पोहोचली पाहिजे. सुतळी ताणली की कळतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १,६५० मिमी आणि किंगपिनमधलं ८०० असेल, तर १०० मिमीच्या आर्मचं टोक साधारण २४ मिमी आत येतं. हे जमलं नाही तर वळणावर पुढचे टायर घासत जातात.

किंगपिनचं वरचं टोक १० ते १२ अंश मागे कलतं ठेवा, तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. जास्त कललं तर हात भरून येतात. किंगपिन आणि चाक यांत अंतर जितकं कमी तितका खड्ड्याचा हिसका हाताला कमी लागतो. दोन्ही टाय रॉड सारख्याच लांबीचे, चार रॉड एंड (प्रत्येकी २०० ते ३०० रुपये), त्यांतले दोन उलट्या आट्यांचे मागा, म्हणजे काहीही न उघडता लांबी जुळवता येते. नट नायलॉकच. ८.८ ग्रेडच्या बोल्टला वेल्डिंग करू देऊ नका, ताकद जाते. शेवटी लॉक: ठरावीक कोनापुढे चाक जाऊ न देणारा लोखंडी ठोकळा. खर्च शंभर रुपये. तो नसला तर दांड्याचा आर्म उलटा पडून स्टिअरिंग तिथेच अडकतं.

वेल्डरशी रोजावर नव्हे, कामावर ठरवा. रोज १,००० ते १,५००, आणि ‘उद्या येतो’चे दिवसही हळूच हिशेबात येतात. आधी फक्त टॅक मारून घ्या, पक्कं वेल्डिंग चाचणीनंतर. दोनदा वेल्डिंग करायला लागलं तर कापण्याचे पैसेही तुमच्याच नावावर. नट-बोल्टला दीड-दोन हजार, टेम्पोला हजारभर, लेथवाल्याचा तासाचा किमान दर तीन-चारशे. बोलताना हे कोणी सांगत नाही, बिल आलं की दिसतं. सगळं धरून आठ-दहा रविवार जातील.

चाचणी इंजिन न लावता करा. सपाट जागी ढकला, हात सोडा. पुढची चाकं थरथरली तर किंगपिनच्या बुशमध्ये खेळ आहे. बूश नवी करून रीम करून घ्या, तीन-चारशे रुपयांचं काम. एका बाजूला ओढली तर टाय रॉड जुळवा. हबच्या उंचीवर चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा २ ते ३ मिमी कमी हवं. मग दोन्ही बाजूंना पूर्ण लॉकपर्यंत फिरवून टाय रॉड सांगाड्याला घासतो का ते पाहा. हे जमलं की पक्कं वेल्डिंग, मग इंजिन, आणि पत्र्याचं अंग सगळ्यात शेवटी.