ओनीचे बिल्ले

मुलांनो, तुमच्या गल्लीत एखादे तरी बेवारस कुत्रे असेलच. ते कोणाचेच नसते. मग कोणी त्याला उरलेली भाकरी टाकतो, कोणी नाव ठेवतो आणि बघता बघता ते सगळ्या गल्लीचे होते. अमेरिकेतल्या एका टपाल कचेरीत असेच घडले.

न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी नावाचे शहर आहे. १८८८ च्या सुमारास तेथील टपाल कचेरीत एक झिपरे कुत्रे येऊ लागले. त्याचा मालक बहुधा तेथलाच कारकून असावा. तो दुसरीकडे गेला, कुत्रे मात्र मागेच राहिले. कारकुनांनी त्याला हाकलले नाही. त्याचे नाव पडले ओनी. लक्षात घ्या, आतापर्यंत आपण 'ते कुत्रे' म्हणत होतो. नाव मिळाले आणि 'तो ओनी' झाला. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून हा फरक तुम्हांला मुद्दाम दाखवला.

टपालाच्या थैल्यांवर ओनीचा फार जीव. थैली दिसली, की तिच्यावर अंग टाकून तो झोपे. थैल्या रेल्वेत चढल्या, की तोही मागोमाग चढे. त्या काळी तेथे धावत्या गाडीतच पत्रे निवडली जात. आपल्याकडे स्टेशनावर 'आर. एम. एस.' अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. तसेच ते खाते. रेल्वेचे अपघात तेव्हा वरचेवर होत. ओनी असलेल्या गाडीला अपघात होत नाही, असे कारकून म्हणत. अशा समजुतींत तथ्य नसते. पण ज्यांचा जीव रोज टांगणीला लागलेला, त्यांना कोण नावे ठेवणार?

ओनी हरवू नये म्हणून कारकुनांनी त्याच्या गळ्यात पट्टा घातला. त्यावर त्याचे नाव आणि ऑल्बनीच्या कचेरीचा पत्ता होता. मग तो जाई तेथले लोक पट्ट्याला एकेक बिल्ला अडकवू लागले. बिल्ले इतके झाले, की त्यांचे ओझे मानेला पेलेना. तेव्हा टपाल खात्याचे प्रमुख जॉन वानामेकर यांनी त्याला बिल्ले लावण्यासाठी एक जाकीट दिले. १८९५ साली तर ओनी आगबोटीने जपान, चीन, सिंगापूर, सुएझ असा जगप्रवास करून आला!

पुढची हकीगत सांगताना वाईट वाटते. ओनी म्हातारा झाला, आजारी पडला. जून १८९७ मध्ये टोलेडो शहरात त्याला बांधून ठेवले होते. तेथे तो एका कारकुनाला चावला आणि त्याला गोळी घालण्यात आली. नेमके काय झाले, याबद्दल त्या वेळच्या बातम्यांत एकवाक्यता नाही. आयुष्यभर मोकळा फिरलेला जीव साखळीला बांधल्यावर बिथरला असेल, असे मला वाटते.

बातमी पसरली. कारकुनांनी पैसे जमवून त्याचे शरीर पेंढा भरून टिकवून घेतले. आपण मेलेल्या प्राण्याला माती देतो. त्यामुळे हा प्रकार मला जरा चमत्कारिक वाटतो. आज ओनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात काचेच्या कपाटात उभा आहे. माझ्या मते खरी आठवण आहे ती त्याच्या बिल्ल्यांत. ते जिवंतपणीच त्याला मिळाले होते, आणि एकेक बिल्ला कोणा तरी अनोळखी माणसाने आपल्या हाताने लावला होता.

माणसांबरोबर त्यांच्या कुत्र्याचीही आठवण राहते, हे तुम्हांला नवे नाही. अस्हाबे कहफची हकीगत तुम्ही घरी ऐकली असेल. गुहेच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे.

२०११ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने ओनीचे तिकीट काढले. पाकिटांवर चिकटून तो पुन्हा टपालाबरोबर गावोगाव गेला.

शब्दार्थ : झिपरे – लांब, विस्कटलेल्या केसांचे, जीव टांगणीला लागणे – सतत काळजी वाटणे, बिथरणे – एकदम घाबरून किंवा चिडून जाणे.

स्वाध्याय
१. ओनीला जाकीट का द्यावे लागले?
२. लेखकाला ओनीचे बिल्ले अधिक महत्त्वाचे का वाटतात? तुमचे मत लिहा.
३. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मेलेल्या प्राण्याची आठवण सहा-सात वाक्यांत लिहा. 'ते' कोठे आणि 'तो' किंवा 'ती' कोठे वापरायचे, ते नीट ठरवा.