लोकसंख्येचे जडत्व

विसाव्या शतकात भारताची लोकसंख्या एवढी का वाढली, असे विचारले तर तुमच्यापैकी बरेचजण चटकन सांगतील, "लोकांना मुले जास्त होऊ लागली म्हणून." मीही शाळेत असताना हेच लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले होते! तरी ते उत्तर चूक आहे.

जनगणनेचे आकडे पाहा. आजच्या सीमांत बसणाऱ्या भारताची लोकसंख्या १९११ साली सुमारे २५.२ कोटी होती. १९२१ साली ती २५.१ कोटी भरली. दहा वर्षांत ती वाढली तर नाहीच, उलट किंचित घटली. त्या काळी दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ४८ जन्म होत, म्हणजे आजच्या दुपटीहून अधिक. पण मृत्यूही ४७ च्या आसपास होत. प्लेग, पटकी, देवी, हिवताप ही नेहमीचीच संकटे होती. त्यात १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

समजा, एका टाकीत वरून नळाचे पाणी पडत आहे आणि खालच्या तोटीतून तितकेच वाहून जात आहे. पातळी हलणार नाही. आता वरच्या नळाला हात न लावता खालची तोटी आवळली तर? १९२१ नंतर नेमके हेच घडले. लस, पिण्याचे शुद्ध पाणी, प्रतिजैविके, १९५३ पासूनची हिवतापविरोधी मोहीम यांनी मृत्यूची तोटी आवळत आणली. १९७१ साली जन्मदर हजारी ३६.९ होता, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच. पण मृत्युदर १४.९ वर उतरला होता. वजाबाकी करा : हजारी २२, म्हणजे शेकडा २.२. सत्तरला या आकड्याने भागले की दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. (किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल आम्ही जवळजवळ असाच काढतो, फक्त तिथे घट असते.) उत्तर येते सुमारे ३२ वर्षे. १९७१ चे ५४.८ कोटी २००१ साली १०२.९ कोटी झाले, तेव्हा गणित फारसे चुकले नाही.

मग वरचा नळ लगेच का आवळला गेला नाही? जिची पाचांतली दोन मुले दगावली, ती आई गावात लस आली म्हणून लगेच दोनवर थांबेल का? मुले जगतात हा विश्वास बसायला एक पिढी जावी लागते. शिवाय शेतावर राबायला हात हवेत, म्हातारपणी आधार हवा. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ सालीच. त्यांच्या वाट्याला मात्र बहुतांशी टीकाच आली. पुढे मुली शिकू लागल्या, लग्नाचे वय वाढले, साधने हाताशी आली, तसा जन्मदर उतरला. १९५० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी जवळजवळ सहा मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत हा आकडा २.० आला. महाराष्ट्रात तो १.७, तर बिहारमध्ये ३.० होता.

आईबापांची जागा भरून काढण्यास २.१ पुरतात. मग २.० वर येऊनही वाढ का थांबत नाही? धावती आगगाडी ब्रेक लावताच जागच्या जागी उभी राहत नाही, तसे लोकसंख्येलाही जडत्व असते.

एक काल्पनिक गाव घ्या. त्यात १०० वृद्ध, २०० तरुण आणि ३०० मुले आहेत, एकूण ६००. म्हातारपणाआधी कोणी मरत नाही असे धरू आणि यापुढे प्रत्येक जोडप्याला दोनच मुले होतील असे ठरवू. एक पिढी सरली. जुने वृद्ध गेले, २०० तरुण वृद्ध झाले, ३०० मुले तरुण झाली आणि त्यांच्या १५० जोडप्यांना ३०० मुले झाली. एकूण ८००! आणखी एका पिढीनंतर ३००, ३०० आणि ३००, म्हणजे ९००. तेव्हा कुठे वाढ थांबते. "दोनच मुले" हा नियम पहिल्या दिवसापासून पाळूनही गाव दीडपट झाले, कारण सुरुवातीलाच त्यात मुलांची संख्या मोठी होती.

आता हेच गणित जोडप्यामागे तीन मुले धरून वहीत करून पाहा. दुसऱ्या पिढीअखेर १,४२५ आले, तर तुमचे उत्तर बरोबर आहे.