मागाच्या शेडमधला बहिरेपणा

धोट्याच्या साध्या यंत्रमागाचा आवाज मुख्यतः आघातांचा असतो. पिकिंग स्टिक धोट्याला फटका मारते, धोटा ताण्यामधून धावत पलीकडच्या पेटीत आदळतो आणि मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हेच घडते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या शेडमध्ये असे माग एकमेकांना खेटून चालतात. वर पत्रा आणि बाजूला उघड्या भिंती असल्याने आवाज जिरत नाही, उलटून पुन्हा कामगाराच्याच कानावर येतो. पाळी सुरू असताना पातळी बहुधा 95 डेसिबलच्या वर असते.

तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील नायॉश या संस्थेची शिफारस आठ तासांना 85 डेसिबलची आहे आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला 15 मिनिटेच मिळतात. भारतातील कारखाना नियमांनी आठ तासांसाठी 90 डेसिबलची, म्हणजे बरीच सैल, मर्यादा घातली होती. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी असलेल्या धंद्यात तीही कागदावरच राहिली.

अशा आवाजाने आतल्या कानातील केशपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला मार सहसा 4000 हर्ट्झच्या आसपासच्या ऐकण्यावर बसतो. सुरुवातीला पाळी सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, बारीक शीळ वाजत राहते आणि झोप झाली की सारे पूर्ववत वाटते. ‘सवय झाली’ असे शेडमध्ये म्हणतात ते याच टप्प्याला. प्रत्यक्षात कानाला आवाजाची सवय होत नाही. ऐकू येणे कमी झाल्यामुळे त्रास कमी वाटू लागतो, इतकेच.

हा दोष इतका उशिरा लक्षात येण्याचे कारण शेडमध्येच आहे. तिथे कोणीच नीट ऐकत नाही. जॉबर हाताने खुणावतो, कामगार ओठ वाचतात, निरोप कानाशी तोंड नेऊन सांगितला जातो. त्यामुळे कान अधू झालेला माणूस कामात कुठेही अडत नाही. प्रस्तुत लेखकाची अनेक वर्षे मागावर गेली. दोष उघड झाला तो पगाराच्या दिवशी. दिवाणजी ताग्यांचा हिशेब वाचत होते आणि ‘साठ मीटर’चे ‘आठ मीटर’ ऐकू आले. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. ‘स’सारखी उच्च वारंवारितेची व्यंजने आधी गळतात आणि स्वर शाबूत राहतात. म्हणून बोललेले ऐकू येते, पण कळत नाही. घरात लहान मुलांचे बोलणे निसटू लागते, टीव्हीचा आवाज चढत जातो, आणि घरच्यांना हा माणूस लक्ष देत नाही असे वाटते.

उपाय यंत्रापासून सुरू करावा. सैल बोल्ट, झिजलेले पिकर व बफर वेळेवर बदलणे, मागाखाली रबरी पॅड घालणे, छताखाली आवाज शोषणारे साहित्य लावणे यांचा उपयोग होतो. शटललेस मागात धोटा नसतो. तरी त्याच्या वेगामुळे आवाज धोकादायक पातळीवर राहू शकतो, तेव्हा नवा माग आला म्हणून कान सुटले असे समजू नये.

इअरप्लग हा शेवटचा उपाय असला तरी लहान शेडमध्ये बहुधा तोच हाताशी असतो. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर व मागे ओढून तो आत सारावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. तेलकट हातांनी वळू नये. तो सबंध पाळीभर घालणे फार महत्त्वाचे आहे: 30 डेसिबल अडवणारा प्लग निम्मा वेळ काढून ठेवला, तर मिळणारे संरक्षण जेमतेम तीन डेसिबलचे उरते. प्लग घातला तर माग बिघडलेला कळणार नाही, अशी कामगारांची तक्रार असते. ज्याचा कान अजून चांगला आहे त्याला थोड्या दिवसांत प्लगमधूनही मागाचा बदललेला ठोका ओळखता येतो, कारण एकूण गोंगाटच खाली येतो. कान आधीच गेलेल्यांच्या बाबतीत मात्र ही तक्रार खरी आहे. त्यांना प्लग निवडून द्यावा लागतो.

कामावर घेतानाच ऑडिओमेट्री करावी आणि दरवर्षी तिची तुलना करावी. चाचणीआधी निदान 14 तास कानाला गोंगाट नको, म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्यापूर्वीची वेळ सोयीची. आलेखाची एक प्रत कामगाराने घरी ठेवावी. कामावरच्या आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानला आहे, पण भरपाई मागताना पहिला आलेख नसला तर कान केव्हापासून गेला हे सिद्ध करता करता माणूस थकतो. मालकालाही ही नोंद उपयोगाची असते. कामगाराचा दोष आधीच्या कारखान्यातला असेल तर तो तीतून दिसतो.

श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण गेलेली स्पष्टता पुरती परत येत नाही. अशा माणसाशी समोर येऊन, तोंडावर उजेड असेल अशा जागी, सावकाश बोलावे. ओरडल्याने अक्षरे आणखी फाटतात.