ओल कुठून येते, ते आधी बघ

चि. मृणाल,


मुलुंडच्या भाड्याच्या घरात बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरते आणि घासून काढली तरी पंधरा दिवसांत पुन्हा उगवते, असं तू लिहिलंस. माझं म्हणणं असं, की घासणं थोडं थांबव आणि पाणी कुठून येतंय ते शोध. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यांना थारा मिळतो तो ओलीमुळे. ही ओल एकतर हवेतून येते, नाहीतर भिंतीतून. पहिली असेल तर काम तुझं. दुसरी असेल तर घरमालकाचं. हे न ठरवता तक्रार केलीस तर एजंटपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे तुला फिरवत ठेवतील. ते ठरवायला डाग कोरडा पुसून त्यावर जाड प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव आणि दोन दिवस राहू दे. प्लास्टिकच्या छताकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी आतून झिरपतंय. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ती अंघोळीची वाफ. डाग वरच्या घराच्या नहाणी ट्रॅपखाली (बाथरूममधलं पाणी जायच्या जाळीखाली) गोल पसरत असेल आणि रंगाचे पोपडे सुटत असतील, तर वरच्या घराचं वॉटरप्रूफिंग गेलंय असं बहुधा समजावं.

घरमालक म्हणेल, 'मुंबईचा पावसाळा आहे, सगळ्यांकडे असंच असतं.' उपनगरात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरंच. पण तो साऱ्या इमारतीवर पडतो. बुरशी एकाच कोपऱ्यात का, याचं उत्तर त्यात नाही. जुलैत बाहेरची हवाच दमट, मग एक्झॉस्ट फॅनचा काय उपयोग, ही शंका मात्र रास्त आहे. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर आतल्या हवेत बाहेरच्यापेक्षाही जास्त बाष्प असतं, म्हणून फॅन लावावाच, दाराखाली हवा यायला फट ठेवून. तरी एवढ्याने पावसाळ्यात भिंत सुकणार नाही. अंघोळ झाली की टाइल्सवरचं पाणी वायपरने ओढून टाकणं जास्त कामाचं. आणि एक सांगून ठेवते: ब्लीच आणि टाइल्स धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि एवढ्याशा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

'अकरा महिन्यांच्या करारासाठी एवढा खटाटोप कशाला' असंही तुला वाटेल. पण रंग खराब झाला म्हणून घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, तर तो खटाटोप स्वस्तच ठरेल. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला दुरुस्तीबाबत जे हक्क दिलेत, ते लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला आपसूक मिळत नाहीत. तुझा आधार म्हणजे करारातलं दुरुस्तीचं कलम. ते नीट वाच. सामायिक पाइप गळत असेल किंवा पावसाचं पाणी झिरपत असेल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. पण सभासद तू नाहीस, घरमालक आहे; तेव्हा सोसायटीला अर्ज त्यानेच करायला हवा. प्लास्टिकचे आणि डागाचे तारखेसह फोटो जोडून त्याला मेल कर. फोनवर बोलणं झालं तरी मेल करच. 'रंग मारून देतो' म्हणाला, तर वरची गळती आधी बंद करा आणि भिंत पुरती सुकल्यावरच रंग लावा, असं त्यातच लिही.

तुझी,
आत्या