डिस्क लागली, पासिंग अडलं

मेडशी सोडून पातूरच्या घाटात उतरत होतो. बॉनेटच्या बाजूने धूर दिसला तेव्हा वाटलं, रेडिएटर गेला. गाडी बाबांची, 1985 सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या जऊळक्यात तिला आजही सगळे फियाटच म्हणतात. उतारावर ब्रेक दाबायची गरजच पडत नव्हती, आणि मी खुळा त्यातच खूश होतो, की नव्या डिस्कची पकड बघा! थांबून पाहिलं तर पुढच्या दोन्ही चाकांना हात लावता येईना.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून काढली की पहिले दोन-तीन ब्रेक वाया जातात, आणि गाडी एका अंगाला ओढते. एक मिस्त्री म्हणाला, "भाऊ, भंगारातल्या गाडीची डिस्क टाकून देतो, चाकंबी तिचेच बसवू." मी पासिंगचं विचारलं, तर म्हणे, "चाकाखाली कोन पायते?"

घाटात काय झालं ते नंतर अकोल्याच्या एका जुन्या फिटरने उलगडून सांगितलं. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारकासा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडलं तरी तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमचे शू मागे खेचायला दणकट स्प्रिंग असते, तिच्यापुढे त्या दाबाचं काही चालत नाही. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. म्हणून पॅड सतत घासत राहिले, डिस्क तापली. मिस्त्रीने डिस्क बदलली, मास्टर सिलिंडर तोच ठेवला. दुसरी गोष्ट, ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आपणच आत ओढला जाऊन घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिथे बूस्टर हवा, नाहीतर पायाचा जोर. माझ्या गाडीत बूस्टर नव्हता.

चाकांचं गणित तर शाळकरी पोरालाही जमलं असतं. मूळच्या 14 इंची चाकाची टायरसकट उंची साधारण 60 सेंटिमीटर. बसवलेलं 185/60 आर 13 टायरचं अलॉय चाक भरतं 55. म्हणजे गाडी इंचभर खाली बसली, गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासू लागली, आणि काटा 60 दाखवायचा तेव्हा खरा वेग होता 55.

एवढं होऊनही मी शहाणा झालो नाही. व्हॉल्व्ह काढून घेतला आणि तशीच वापरत राहिलो. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, त्यासाठी गाडी तपासणीला नेली तेव्हा निरीक्षकांची नजर आधी अलॉय चाकांवर गेली, मग चाकामागच्या डिस्कवर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी वाचून गेलो होतो. त्यातल्या व्याख्येप्रमाणे 'बदल' म्हणजे रचनेतला असा फेरफार, ज्याने गाडीचं मूळ वैशिष्ट्यच पालटतं. डिस्कने काय पालटतं, असा वाद मी घातला. साहेब शांतपणे म्हणाले, "कंपनीने ही गाडी अशी विकली होती का? तसा कागद दाखवा."

कागद कुठून आणणार? कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन दोन दशकं उलटली. केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी निकाल दिला, तोही याच अंगाने जातो: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून ढळता कामा नये. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम आलं. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. चाकं वेगळी, ब्रेक वेगळे.

मला हे पूर्ण पटतं असं नाही. जर्मनीत तपासणी संस्थेचा अभियंता असा बदल तपासतो, पसंत पडला तर गाडीच्या कागदावर नोंदवतो. आपल्याकडे पुण्याची एआरएआय आहे, पण तिचं काम मुख्यतः कंपन्यांची मॉडेलं तपासण्याचं. एकुलती एक जुनी फियाट घेऊन जाणाऱ्याला सोपी वाट नाही.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे त्यांनी हत्यार लावण्याआधी अर्ज लावावा. काय बदलणार, कुठल्या मापाचं, का, हे लिहून नोंदणी कार्यालयात द्यावं आणि उत्तर लेखीच घ्यावं. खिडकीवरचं "चालते ना" पुढच्या तपासणीला कामी येत नाही. परवानगी मिळालीच तर विमा कंपनीलाही कळवावं, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला आपणच निमित्त पुरवतो. टायर बदलताना मूळ चाकाची उंची मोजून तेवढीच धरावी. रेडियल टायर त्या उंचीत मिळतात.

कुणी सुचवेल, व्हिंटेजमध्ये नोंदवा. 2021 च्या नियमांनी ती सोय आहे, पण गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली हवीत. माझी 2035 ला पात्र होईल. तेव्हाही इंजिन, सांगाडा मूळचा हवा, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि गाडी काढायची ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. अकोल्याला लग्नाला नेता येणार नाही.

शेवटी ड्रमच परत बसवले. या वेळी ड्रम लेथवर घासून गोल करून घेतले, शूला नवीन लायनर लावून ते ड्रमच्या गोलाईला जुळवले, व्हील सिलिंडरचे रबर बदलले. ओढणं गेलं. पाण्यातून निघालं की पेडलवर पाय हलका ठेवून थोडं अंतर चालवायचं, ड्रम वाळतात. बाबा हेच करायचे, मी लहानपणी पाहिलेलं होतं. पासिंग झालं.

अलॉय चाकं शेतात फवारणीच्या पाण्याची टाकी ओढायच्या हातगाड्याला लावली आहेत. त्याला पासिंग लागत नाही.